आठ दिवसांत तीनशे मिनिटे: १९७० च्या इटलीचे पाय कुठे गेले?

मैदानाच्या कडेला उभे राहून फुटबॉल बघणारी माणसे दोन वेगळे शब्द वापरतात. धावून आलेला पोरगा गुडघ्यांवर हात टेकून वाकला की म्हणतात, ‘दम लागला’. सामना संपत आलाय, पोरगा श्वास नीट घेतोय, पण चेंडू हातभर अंतरावरून गेला तरी वळत नाही. तेव्हा म्हणतात, ‘पाय गेले’. या दोन शब्दांमधला फरक समजावून सांगायला शरीरक्रियाशास्त्राला बरीच पाने लागतात. दम दोन मिनिटांत परत येतो. गेलेले पाय परत यायला तीन दिवस लागतात, कधी चार.

हा फरक समजण्यासाठी १४ ते २१ जून १९७० या आठ दिवसांतला इटलीचा संघ घ्यावा, असे मला वाटते. मेक्सिकोतल्या विश्वचषकाचे ते शेवटचे आठ दिवस. अंतिम सामन्यात ब्राझीलने इटलीला ४-१ असे हरवले आणि त्या ब्राझीलचे कौतुक आजवर चालू आहे, ते योग्यही आहे. पण मध्यंतराला तो सामना १-१ होता. ६५ व्या मिनिटापर्यंतही १-१ च होता. मग ६६, ७१ आणि ८६ व्या मिनिटाला तीन गोल झाले. शेवटच्या पंचवीस मिनिटांत इटलीच्या शरीरांचे काय झाले, हा या प्रकरणाचा प्रश्न.

काय घडले

रविवार, १४ जून, भर दुपारी बारा वाजता. युरोपातल्या दूरचित्रवाणी प्रेक्षकांच्या सोयीसाठी वेळ तशी ठेवलेली. तोलुका या २६६० मीटर उंचीवरच्या शहरात इटलीचा उपांत्यपूर्व सामना यजमान मेक्सिकोशी होता. मेक्सिकोने १३ व्या मिनिटाला आघाडी घेतली, मध्यंतराला बरोबरी होती आणि दुसऱ्या अर्धात इटलीने ६३, ७० आणि ७६ व्या मिनिटाला तीन गोल चढवले. निकाल ४-१. हे तीन गोल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

त्याच दिवशी, त्याच वेळी लिओनच्या उन्हात पश्चिम जर्मनी आणि इंग्लंड खेळत होते. इंग्लंड २-० ने पुढे होता. ६८ व्या मिनिटाला जर्मनीच्या बेकेनबाउअरने एक गोल फेडला, आणि लगेच इंग्लंडचे प्रशिक्षक आल्फ रॅम्सी यांनी बॉबी चार्ल्टनला बाहेर बोलावले. चार्ल्टन बत्तीस वर्षांचा होता. तीन दिवसांनी उपांत्य सामना होता, त्यासाठी त्याचे पाय राखायचे होते. हिशेब शरीरशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक होता आणि सामन्याच्या दृष्टीने महागात पडला. जर्मनीने बरोबरी केली, जादा वेळेत म्युलरने तिसरा गोल केला, आणि ज्या सामन्यासाठी चार्ल्टनला राखले तो इंग्लंडच्या वाट्याला आलाच नाही. थकवा वाचवायचा तर तो नेमका कधी, हा प्रश्न किती अवघड आहे ते इथे दिसते.

बुधवार, १७ जून, दुपारी चार. मेक्सिको सिटीचे अझ्टेका स्टेडियम, उंची २२४० मीटर. बोनिनसेन्याने आठव्याच मिनिटाला इटलीला पुढे नेले. त्यानंतर जवळजवळ दीड तास जर्मनी हल्ले करत राहिला आणि इटली ते परतवत राहिला. नव्वद मिनिटे उलटल्यावर श्नेलिंगरने बरोबरी साधली. श्नेलिंगर बचावपटू, त्यातून क्लब फुटबॉल इटलीतच, मिलानकडून खेळणारा. मग जादा वेळेत ९४, ९८, १०४, ११० आणि १११ व्या मिनिटाला गोल. सतरा मिनिटांत पाच. जर्मनीचे दोन्ही बदली खेळाडू वापरून झाले होते, म्हणून बेकेनबाउअर निखळलेल्या खांद्याचा हात छातीशी बांधून शेवटपर्यंत खेळला. ११० व्या मिनिटाला जर्मनीने ३-३ केले; इटलीने मधोमध चेंडू ठेवून सुरुवात केली, बोनिनसेन्या डाव्या कडेने जर्मन बचावपटू शुल्झला मागे टाकून गेला, त्याने चेंडू मागे दिला आणि रिव्हेराने चौथा गोल केला. या सामन्याची आठवण म्हणून अझ्टेकावर फलक लावलेला आहे, ‘शतकातला सामना’ असा.

रविवार, २१ जून, दुपारी बारा. तेच मैदान, समोर ब्राझील. इटलीचे तेच अकरा खेळाडू उतरले. उपांत्य सामन्यात माझोला मध्यंतरानंतर आणि रोझातो जादा वेळेच्या सुरुवातीला बाहेर आला होता. उरलेल्या नऊ जणांनी पुरी १२० मिनिटे काढली होती. १७ तारखेची शेवटची शिट्टी आणि २१ ची पहिली शिट्टी यांत सुमारे नव्वद तास गेले होते.

उंचीवर खापर फोडण्याआधी

मेक्सिकोचा विषय निघाला की पहिले कारण उंची. मेक्सिको सिटी कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही जवळजवळ सहाशे मीटर वर आहे. तिथल्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण मुंबईइतकेच, २१ टक्के. पण हवेचा दाब मुंबईत ७६० मिलिमीटर पारा, तर तिथे ५८० च्या आसपास. त्यामुळे फुफ्फुसांत शिरणाऱ्या ऑक्सिजनचा दाब साधारण पाव हिश्श्याने घटतो आणि शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दहा ते पंधरा टक्क्यांनी खाली येते.

याचा परिणाम कसा होतो ते १९६८ च्या ऑलिम्पिकने याच शहरात दाखवले होते. विरळ हवेत बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारली, धावकांनी छोट्या अंतरांचे विक्रम मोडले. दहा हजार मीटरची शर्यत मात्र २९ मिनिटे २७ सेकंद इतक्या संथ वेळेत जिंकली गेली, आणि त्या अंतराचा विश्वविक्रम ज्याच्या नावावर होता तो रॉन क्लार्क सहावा येऊन कोसळला. एकदाच जोर लावायचा तर उंची आड येत नाही, पण जोर पुन्हा पुन्हा लावायचा असेल तर ती आड येते. आणि फुटबॉल म्हणजे पुन्हा पुन्हा जोर लावणेच.

वरच्या पातळीवरचा खेळाडू एका सामन्यात १० ते १३ किलोमीटर अंतर काटतो. ते सलग नसते: चालणे, हलकी धाव, वळण, उडी, आडवे सरकणे, सुसाट धाव, आणि दर चार-सहा सेकंदांनी यात बदल. हृदयाचे ठोके सरासरी कमाल मर्यादेच्या ८५ टक्क्यांच्या आसपास राहतात. सुसाट धाव दीडेक मिनिटातून एकदा, दोन ते चार सेकंदांची. अशा धावेला लागणारी ताकद स्नायूतल्या क्रिएटिन फॉस्फेटमधून येते. तो साठा काही सेकंदांत बराच खाली जातो आणि पुन्हा भरतो तो ऑक्सिजनच्या जोरावर. अर्धा भरायला अर्धा मिनिट तरी लागते. हवा विरळ असली की भरणे लांबते. पहिली धाव पूर्वीसारखीच वेगवान होते, पाचवी होत नाही. यालाच आपण ‘दम लागणे’ म्हणतो.

लगेच लॅक्टेटला, म्हणजे जोरात धावताना स्नायूंत तयार होणाऱ्या पदार्थाला, दोष देऊ नये. लॅक्टेट हे विष आहे ही समजूत फार जुनी, पण लॅक्टेट हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून जाळतात. सामन्यातल्या सर्वांत धावपळीच्या पाच मिनिटांनंतर खेळाडू काही वेळ मंदावतो हे कोपनहेगनच्या मोर, क्रुस्ट्रुप आणि बांग्सबो यांनी २००३ मध्ये मोजून दाखवले. त्यामागे स्नायूपेशींबाहेर साचणारे पोटॅशियम आणि त्यामुळे बिघडणारे विद्युत संदेश हे लॅक्टेटपेक्षा अधिक पटणारे कारण आहे. काही मिनिटांत ते पूर्वपदावर येते.

आता इटलीकडे. इटलीचे आधीचे चारही सामने तोलुका आणि पुएब्ला इथे झाले, एक २६६० मीटर, दुसरे २१०० च्या वर. ब्राझीलचे पाचही सामने ग्वादालाहारात, १५५० मीटरच्या आसपास. म्हणजे अंतिम सामन्याला ब्राझील खालून वर आला होता आणि उंचीची सवय इटलीला जास्त होती. आणि ते तीन गोल आठवा: १४ जूनला याहून चारशे मीटर वर, भर दुपारी, दुसऱ्या अर्धात तीन गोल करणारा संघ हाच. सात दिवसांनी, कमी उंचीवर, दुसऱ्या अर्धात याच संघाने तीन गोल खाल्ले. उंचीने फरक पडायचा तर तो उलट दिशेने पडायला हवा होता. इटलीचा दम शाबूत होता, गेले ते पाय.

रिकामी कणगी

स्नायूंमध्ये साखर साठवलेली असते, ग्लायकोजेनच्या रूपात. सगळ्या शरीराच्या स्नायूंत मिळून साधारण चारशे-पाचशे ग्रॅम, यकृतात शंभरेक. एका स्नायूतले ग्लायकोजेन दुसऱ्या स्नायूला उसने मिळत नाही. मांडीची कणगी मांडीनेच रिकामी करायची. सामना संपतो तेव्हा पूर्ण स्नायू तपासला तर साठा उरलेला दिसतो. पण एकेक तंतू वेगळा पाहिला तर सुमारे निम्मे तंतू रिकामे किंवा जवळजवळ रिकामे असतात, आणि त्यांत सुसाट धावेला लागणारे जलद तंतू बरेच. चालायला, हलके धावायला इंधन आहे, वेग घ्यायला नाही. बाहेरून दिसते ते असे, की खेळाडू धावतोय, पण पोहोचत नाही.

स्वीडनचे बेंग्ट साल्टिन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेले निरीक्षण मला या विषयातले सर्वांत बोलके वाटते. काही खेळाडू आदल्या दिवशी कसून सराव करून, म्हणजे कणगी अर्धी रिकामी ठेवूनच सामन्याला उतरले. काही विश्रांती घेऊन. पहिल्या गटाने एकूण अंतर सुमारे पाव हिश्श्याने कमी काटले. त्यांचे निम्मे अंतर चालण्यात गेले आणि जेमतेम १५ टक्के सुसाट धावेत. भरलेल्या कणगीवाल्यांचे आकडे २७ आणि २४.

१७ जूनच्या जादा वेळेत हेच दिसते. सगळे पाच गोल थकव्याच्या माथी मारणे मात्र बरोबर नाही. म्युलरच्या पहिल्या गोलात इटलीच्या ज्या बचावपटूची गफलत झाली, तो पोलेत्ती तीन मिनिटांपूर्वीच ताजातवाना मैदानात आला होता. पण शेवटचा गोल पाहा. ज्या क्षणी जर्मनीच्या सगळ्या बचावाने मागे धावायला हवे होते, त्या क्षणी एकटा शुल्झ धावत होता, आणि तोही हरला. जर्मनीचे त्या चार दिवसांतले ते २३१ वे मिनिट होते.

नव्वद तास

आता एक उलट पुरावा समोर ठेवतो. आजच्या व्यावसायिक खेळाडूंवरचे अभ्यास सांगतात, की दोन सामन्यांत ७२ ते ९६ तास मिळाले तर धावण्याचे आकडे फारसे घसरत नाहीत. दुखापतींचे प्रमाण मात्र आठवड्याला एक सामना खेळणाऱ्यांपेक्षा कितीतरी पटींनी, एका अभ्यासात सुमारे सहापट, वाढले. या हिशेबाने नव्वद तास पुरायला हवे होते. शिवाय ब्राझीलचे दिवसही तेवढेच: १४, १७, २१. कॅलेंडरमध्ये फरक फक्त तीस मिनिटांचा.

पण ती तीस मिनिटे कुठली, ते बघायला हवे. पहिली तीस मिनिटे भरल्या कणगीतून जातात, शेवटची तीस तळ खरवडून. इंधन संपत आलेला स्नायू थांबताना आणि वळताना धक्का नीट झेलू शकत नाही. तंतूंना बारीक इजा होते, सूज येते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतात. आणि नेमका असा दुखावलेला स्नायू रक्तातली साखर आत घ्यायला कुरकुर करतो. म्हणून भरपूर खाऊनही सामन्यानंतर ग्लायकोजेन पूर्ववत व्हायला ४८ ते ७२ तास लागतात. उंचीवर शरीर चरबीपेक्षा साखर अधिक जाळते, कोरड्या हवेत श्वासावाटे पाणीही जास्त जाते. हे सगळे १४ तारखेच्या सामन्याच्या उरलेल्या थकव्यावर चढले. आठ दिवसांत तीनशे मिनिटे ती अशी.

‘भरपूर खाणे’ म्हणजे किती, तेही सांगायला हवे. सत्तर किलोच्या खेळाडूला या दिवसांत रोज पाचशे ते सातशे ग्रॅम कर्बोदके लागतात. निव्वळ भातातून घ्यायची तर शिजवलेला भात दोन किलोंच्या वर. स्टॉकहोममध्ये बेर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन यांनी सुईने मांडीतला कण काढून ग्लायकोजेन कसे भरते हे १९६० च्या दशकातच दाखवले होते, पण फुटबॉल संघांच्या पंगतीपर्यंत ते पोहोचायला बरीच वर्षे लागली. सामन्याआधी मांसाचा मोठा तुकडा खाण्याची रीत अजून इंग्लंडसह अनेक ठिकाणी होती.

दुसरी गोष्ट इटलीच्या खेळाच्या पद्धतीची, आणि मला ती इंधनाइतकीच महत्त्वाची वाटते. इटलीचा बचाव माणसाला माणूस लावून होता. अशा बचावात तुम्ही केव्हा धावायचे हे समोरचा ठरवतो. चेंडू स्वतःकडे ठेवणाऱ्या संघाचा खेळाडू श्वास घेतो, चार पावले चालतो, मग मनात आले की निघतो. त्याच्या मागावरच्याला ही मुभा नाही. थकलेल्या माणसाला आपली शक्ती पुरवून वापरता आली तर तो बराच काळ टिकतो. इटलीच्या बचावपटूंना पुरवून वापरणे शक्यच नव्हते. त्यात मेंदूही थकतो. नजर उशिरा वळते, पाय त्याहून उशिरा.

ब्राझीलची बाजू

ब्राझीलने ही मोहीम शरीराच्या बाजूनेही आखली होती. त्यांच्या तयारीच्या चमूत लष्करातले कॅप्टन क्लाउदियो कौटिन्यो आणि तरुण कार्लोस आल्बेर्तो पारेरा होते; हे पारेरा पुढे १९९४ मध्ये ब्राझीलचे विश्वविजेते प्रशिक्षक झाले. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांची बारा मिनिटांच्या धावेची चाचणी त्यांनी खेळाडूंना लावली. स्पर्धेच्या पुष्कळ आधी येऊन ग्वानाहुआतोत सुमारे दोन हजार मीटरवर मुक्काम केला. उंचीवर श्वासाचा वेग काही दिवसांत जुळतो, तांबड्या पेशी वाढायला मात्र आठवडे लागतात. तो वेळ त्यांनी दिला.

ब्राझीलच्या स्पर्धेतल्या एकोणीस गोलांपैकी बारा मध्यंतरानंतरचे आहेत. उरुग्वेविरुद्धच्या उपांत्य सामन्यातही मध्यंतराला १-१ होते, निर्णायक गोल ७६ आणि ८९ व्या मिनिटाला झाले. तीन दिवसांपूर्वी उरुग्वे सोव्हिएत संघाशी १२० मिनिटे खेळून आला होता.

तरी ब्राझीलचा विजय फिटनेसचा, असे मी म्हणणार नाही. ६६ व्या मिनिटाला ज्याने डाव्या पायाने दुसरा गोल मारला तो गेर्सन सिगारेट ओढणारा म्हणून प्रसिद्ध होता. तो स्वतः थोडे धावायचा आणि चेंडूला धावायला लावायचा. चांगला खेळ ही सुद्धा शक्ती वाचवण्याचीच रीत आहे. इटली ताजी असती तरी बहुधा हरली असती. पण ४-१ ने हरली नसती, असे मला वाटते.

बाकावर कोण होते

विश्वचषकात बदली खेळाडू १९७० मध्येच पहिल्यांदा आले, आणि तेही दोन. आज पाच असतात, जादा वेळेत आणखी एक. म्हणून इटलीचे प्रशिक्षक वाल्कारेज्जी यांना आजच्या मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण सुरुवातीचे अकरा निवडण्यावर काही बंधन नव्हते. बावीस जणांच्या ताफ्यातून, नव्वद तासांपूर्वी तळ खरवडलेले तेच चेहरे निवडले गेले. माझोला आणि रिव्हेरा यांनी एकेक अर्ध खेळायची जी वाटणी इटलीने आधीच्या दोन सामन्यांत केली होती, ती नकळत का होईना शक्ती राखणारी होती. अंतिम सामन्यात ती मोडली. मधल्या फळीत बेर्तिनीच्या जागी जुलियानो आला तो सव्वा तास गेल्यावर, तोवर ३-१ होऊन गेले होते. रिव्हेराला आणखी उशिरा, सहा मिनिटे उरली असताना पाठवले.

त्यानंतर दोन मिनिटांनी चौथा गोल. ब्राझीलचा आघाडीवीर तोस्ताव स्वतःच्या अर्धात मागे येऊन चेंडूसाठी झटत होता, ८६ व्या मिनिटाला. क्लोदोआल्दोने एकामागून एक चार इटालियनांना चकवले. जैरझिन्यो आपली उजवी कड सोडून डावीकडे आला होता आणि त्याच्या पाठीवरचा फाकेत्ती नेमून दिल्याप्रमाणे त्याच्यासोबत आला होता. उजवी कड मोकळी. चेंडू पेलेकडे आला. पेलेने घाई केली नाही, न बघता उजवीकडे हलकेच सरकवला. मागून कार्लोस आल्बेर्तो जवळजवळ मैदानभर धावत येत होता, आणि ती मोकळी कड बुजवायला इटलीचा एकही निळा सदरा निघाला नाही.